रिपोर्टात 'आयटिस' दिसलं की घाबरू नका की!

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दवाखान्याची फाईल मात्र पूर्ण इंग्लिशमध्ये, त्यामुळं रोगाचं नाव वाचूनच निम्मा माणूस खचतोय. तर शब्दाची शेपटी आधी बघायची, जसं गावाच्या नावात वाडी की हळ्ळी बघतो तसं. आयटिस म्हणजे सूज, दाह. गॅस्ट्रायटिस पोटाची, हेपटायटिस लिव्हरची, आर्थ्रायटिस सांध्याची, झालं. मूळ ग्रीक भाषेत आयटिसचा अर्थ सूज नव्हताच, नुसतं 'अमक्याचा' असं होतं, म्हणजे 'सांध्याचा रोग' म्हणायचे, पुढं त्यातला रोग हा शब्द गळाला आणि शेपटी तेवढी राहिली, मग डॉक्टर लोकांनी तिला सूज हा अर्थ चिकटवला. पण सूज कशानं आली ते ही शेपटी सांगत नाही हां, जंतूच असतील असं नाही, दारूनंपण हेपटायटिस होतोय. आणि 'ओमा' दिसलं म्हणून कॅन्सरच धरू नका, लिपोमा ही साधी चरबीची गाठ आणि हेमाटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. 'एक्टमी' असेल तर मात्र काहीतरी कापून काढणार, तेव्हा सही करायच्या आधी काय काढणार ते डॉक्टरांना सरळ विचारा, मराठीत नाहीतर कन्नडात.