छोट्या हूपमधून मोठी कामं: घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर नावं टाकण्यापलीकडे काय काय करता येतं

मशीन नवीन असतं तेव्हा घरातला एकही नॅपकिन सुटत नाही, सगळ्यांवर नावं, उशांच्या अभ्र्यांवर गुलाब, मग हौस फिटते आणि मशीन कव्हर घालून कोपऱ्यात जातं. ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेत एवढी जागा अडवणारी वस्तू नुसती ठेवून देणं परवडतं का सांगा! आणि विचारलं तर बहुतेकांची तक्रार एकच, हूप, म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट, लहान आहे. १०० बाय १०० मिलिमीटर म्हणजे साधारण चार बाय चार इंच, फार तर १३० बाय १८०. त्यात ब्लाउजची पाठ बसत नाही, पदर तर लांबच राहिला.

माझं म्हणणं असं की कपडा मशीनवर नेऊच नका. मशीनवर फक्त तुकडे बनवायचे, पॅच, पानं, चौकोन, आणि नंतर ते साध्या शिलाईने हव्या त्या वस्तूवर जोडायचे. बिघडला तर तुकडा बिघडतो, अख्खा कुर्ता जात नाही. शिवाय तयार शिवलेली बाही किंवा दप्तराचा खिसा हूपमध्ये बसवायची जी झटापट असते ती पूर्ण वाचते. १९९० मध्ये जानोमेने मेमरी क्राफ्ट ८००० काढलं तेव्हापासून घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहेत, आजची मशीन त्याच्या कितीतरी पुढे गेलीत, पण एक सुई आणि एक छोटी चौकट हे बऱ्याच घरांत अजून तसंच आहे, तर त्या चौकटीतच विचार करूया.

सामान, पटकन

सुई ७५/११ एम्ब्रॉयडरीची, जीन्स आणि जाड कॅनव्हासला ९०/१४, टीशर्टच्या होजिअरीला बॉलपॉइंट. वरचा धागा ४० वेटचा (वेट म्हणजे जाडीचा आकडा, आकडा मोठा तितका धागा पातळ). व्हिस्कोसला चमक सुंदर असते पण जी वस्तू रोज धुवायची तिला पॉलिस्टरच लावा. बॉबिनमध्ये पातळ पांढरा, ६० किंवा ९० वेटचा. साधा शिलाईचा धागा बॉबिनला लावला तर काम होतं पण पॅच पुठ्ठ्यासारखा कडक होतो.

कापडाला आधार म्हणून मागे लावायचे पेपर तीन प्रकारचे ठेवा: फाडता येणारा, कात्रीने कापायचा, आणि पाण्यात विरघळणारा. हा तिसरा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात नाजूक, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडा राहिला की मऊ पडून चिकट होतो, म्हणून आणल्या आणल्या झिपच्या पिशवीत टाका. बकरम, फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), कॅनव्हास हे ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला किंवा वाशीत शिलाई-सामानाच्या दुकानात बघा, कापडात जास्त निवड हवी असेल तर लोकलने मशीद बंदर नाहीतर सीएसएमटीला उतरून मंगलदास मार्केट, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं. टोक वळलेली छोटी कात्री मात्र हवीच, तिच्याशिवाय पॅचच्या कडा स्वच्छ निघत नाहीत.

टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, बरोबर आहे का हे बघायला सॅटिन टाक्याची (या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळजवळ मारलेले टाके) एक पट्टी काढून उलटी करा, मधला साधारण एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना रंगीत दिसला तर ठीक. सगळं पांढरं दिसलं तर वरचा धागा सैल करा, पांढरं दिसतच नसेल तर घट्ट.

१. पॅच, म्हणजे सगळ्याचा पाया

हे एकदा जमलं की पुढचं सगळं याचंच रूप आहे म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

डिझाईन असं निवडा ज्यात पहिल्यांदा नुसती बाह्यरेषा येते, मग कपडा धरून ठेवणारी दुसरी रेषा, मग आतलं भरकाम आणि शेवटी काठाला ३ ते ४ मिलिमीटरचा सॅटिन. विकत किंवा फुकट मिळणाऱ्या अॅप्लिकच्या (कापडाचा आकार कापून काठाने शिवायचं काम) फायलींमध्ये बहुतेक हाच क्रम असतो. फाईल तुमच्या मशीनच्या भाषेत हवी, ब्रदरला पीईएस, जानोमेला जेईएफ. डीएसटी ही कारखान्यातल्या मशीनची फाईल, ती बऱ्याच घरगुती मशीनवर चालते पण तिच्यात रंग साठवलेले नसतात, त्यामुळे स्क्रीनवर मोर जांभळा-पिवळा दिसला तरी घाबरू नका, रंग तुम्ही लावाल तेच येणार.

• हूपमध्ये कपडा नाही, नुसता विरघळणारा पेपर घट्ट बसवा. पातळ प्लॅस्टिकसारखा नको, कापडासारखा दिसणारा जाड घ्या, दोन थर.
• पहिली रेषा पेपरवरच शिवून घ्या. तिच्यावर टवील, कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचा तुकडा ठेवा, रेषेच्या बाहेर सगळीकडून बोटभर जास्त.
• दुसरी रेषा शिवली की हूप मशीनवरून काढा पण हूपमधून पेपर काढू नका, ही गंमत लक्षात ठेवा, पेपर हलला की पुढचा काठ सरकलाच. आता वळलेल्या कात्रीने रेषेच्या बाहेर एक मिलिमीटरवर कपडा कापा.
• हूप परत लावा, भरकाम आणि काठ होऊ द्या.
• बाहेरचा पेपर कापून टाका, कडेला राहिलेला कोमट पाण्यात विरघळवा, सपाट वाळवा.

मागून दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्युजिंग लावलं तर पॅच इस्त्रीने चिकटतो, पण दप्तर आणि जीन्सवर नुसत्या चिकटवण्यावर विश्वास ठेवू नका, कडेने एक हातशिलाई माराच.

आता हे वापरायचं कुठे. दप्तराचा फाटलेला कोपरा, जीन्सचा गुडघा हे तर आहेच. मला सगळ्यात आवडतो तो खणाचा पॅच. ब्लाउज शिवून उरलेला खणाचा तुकडा प्रत्येक घरात असतो, तो कापला की धागे सुटतात म्हणून आधी मागून पातळ फ्युजिंग चिकटवा, मग कोयरीच्या किंवा मोराच्या आकारात अॅप्लिक करा आणि साध्या कॉटनच्या कुर्त्याला, कापडी पिशवीला लावा. खणात विणीची नक्षी असतेच त्यामुळे आत भरकाम करायची गरज नाही, नुसता काठ पुरतो आणि टाकेही वाचतात.

बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यालाही हीच युक्ती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात आणि झबलं एकदाच घातलं जातं, त्यामुळे पतंग, हलव्याचे दाणे असे छोटे पॅच वेगळे बनवून मोठ्या टाक्यांनी लावा, नंतर उसवून पुढच्या बाळाला चालतात. बाळाच्या अंगाला पॅचच्या मागचे टाके टोचतात, म्हणून पॅच आधी लावा आणि अस्तर नंतर.

२. आंब्याच्या पानांचं धाग्याचं तोरण

प्लॅस्टिकची तोरणं दरवाज्याला लटकलेली बघवत नाहीत, आणि खरी पानं दुसऱ्या दिवशी वळतात. धाग्याचं पान म्हणजे कपडाच नाही, नुसते टाके एकमेकांत अडकून उभे राहतात, त्यामुळे साधं पानाचं डिझाईन इथे चालणार नाही, फ्री स्टँडिंग लेस असं लिहिलेलीच फाईल पाहिजे. साधी घेतली तर पाण्यात टाकल्यावर धाग्याचा गुंता हातात येतो.

चार इंची हूपमध्ये एक पान साधारण नऊ सेंटिमीटरचं बसतं. बारीक पानं असतील तर एका हूपमध्ये दोन आडवी. इथे बॉबिनमध्येही तोच हिरवा धागा भरा, कारण तोरण दोन्ही बाजूंनी दिसतं. स्पीड कमी ठेवा, पेपर फाटायला लागला तर मशीन थांबवून खालून आणखी एक तुकडा सरकवा. झाल्यावर कडा कापून कोमट पाण्यात बुडवा, पण खळखळून धुऊ नका! थोडासा पेपर धाग्यात राहिला तर तोच खळ म्हणून काम करतो आणि पान ताठ राहतं. जुन्या टॉवेलवर आकार नीट करून वाळवा, दोन सुती कपड्यांच्या मध्ये ठेवून हलकी इस्त्री.

पानांच्या मधे झेंडूसाठी केशरी लोकरीचे गोंडे छान दिसतात, लेसचेच झेंडू करायचा उत्साह आवरा, एका फुलाला पानापेक्षा जास्त वेळ जातो. वेळेचा हिशोब सोपा आहे, मशीन मिनिटाला ६०० टाके मारत असेल आणि डिझाईन १०,००० टाक्यांचं असेल तर सतरा मिनिटं, वर धागा बदलायचा वेळ वेगळा. म्हणून गणपतीच्या आदल्या रात्री हे काम काढू नका, आणि सोसायटीत तर रात्री दहानंतर नाहीच, टेबल सिमेंटच्या भिंतीला टेकलेलं असलं की खटखट पलीकडच्या घरात नीट ऐकू जाते. मशीनखाली जाड रबरी मॅट घाला आणि टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढा.

३. आजीचं अक्षर

घरात जुनं पत्र, डबीत जपलेली रेसिपी, काहीतरी असतंच. ते अक्षर तसंच्या तसं कापडावर येतं, आणि माझ्या मते या मशीनचा याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही. मशीनमधले तयार फॉन्ट बहुतेक इंग्रजी अक्षरांचे असतात, मराठीसाठी आपल्यालाच फाईल करावी लागते, पण त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको. इंकस्केप हा फुकट ड्रॉइंग प्रोग्राम आणि त्यावर इंकस्टिच नावाचं फुकट एक्स्टेन्शन, एवढं पुरतं, पीईएस आणि जेईएफ दोन्ही काढून देतं.

पत्र स्कॅन करा किंवा दिवसाउजेडी सरळ वरून फोटो काढा, फ्लॅश नको. एकच ओळ निवडा, ‘अनेक आशीर्वाद’ किंवा नुसती सही, अख्खं पत्र बसवायचा हट्ट नको. फोटो इंकस्केपमध्ये आणून त्यावर पेनच्या टूलने अक्षरांच्या मधोमध रेषा ओढा. इथे बरेच जण आपोआप ट्रेस करणारं बटण दाबतात, त्याने अक्षराच्या दोन्ही कडांना रेषा येते आणि अक्षर पोकळ दिसतं, म्हणून हातानेच ओढा, तासभर जातो पण वळण तसंच उतरतं.

मग त्या रेषांना रनिंग स्टिच द्या, टाका २ ते २.५ मिलिमीटर, आणि तिहेरी टाका निवडा म्हणजे शाईच्या पेनासारखी ठसठशीत रेघ येते. जाड अक्षर हवं असेल तर रेषेची जाडी दोन मिलिमीटर करून तिचा सॅटिन करा, तसा पर्याय त्यात आहे, पण मग अक्षराची उंची एक सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, वेलांट्या एकमेकांत मिसळतात. दोन गोष्टी आपल्या लिपीच्याच: शिरोरेषा सगळ्यात शेवटी शिवायला ठेवा, म्हणजे अक्षरांचे वरचे सांधे तिच्याखाली झाकले जातात. आणि अनुस्वार हा गोल भरायला जाऊ नका, एवढ्याशा जागेत धाग्याची गाठ होते, एकाच जागी चार-पाच बारीक टाके दिले की टिंब तयार.

कापड आधी धुऊन आटवून घ्या, सुती असेल तर नक्कीच, नाहीतर पहिल्या धुण्यात अक्षराभोवती सुरकुत्या येतात. शिवल्यावर चौकटीत लावा, उशीला लावा, नाहीतर नातीच्या रुखवतात ठेवा. मुलांनी काढलेल्या चित्राचंही असंच करता येतं, फक्त रेषा घ्या, रंग भरायला नका जाऊ.

४. जुन्या साडीचे चौकोन

आईची सुती साडी विरली असली तरी तुकडे चांगले निघतात. मागे पातळ फ्युजिंग लावून २० सेंटिमीटरचे तुकडे हूपमध्ये घ्या, मधे ८ सेंटिमीटरची नक्षी, वारलीतला तारपा किंवा साधं रांगोळीचं कमळ, आणि झाल्यावर नक्षी मधोमध ठेवून १२ सेंटिमीटरचा चौकोन कापा. आधी कापून मग शिवू नका, भरकामाने कापड थोडं आत ओढलं जातं आणि माप चुकतं. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर शिलाई सोडून चौकोन १० सेंटिमीटरचा उरतो, असे सोळा जोडले की ४० बाय ४० चा कुशन कव्हर. सगळ्या सोळांवर भरकाम नको, आठवर पुरे, एक सोडून एक.

ऑर्डर घ्यायची असेल तर

पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी ढोल-लेझीम पथकं एकसारखे बॅज शोधत असतात, आणि ते म्हणजे आपले पहिल्या प्रकारातले पॅचच. पथकाचं चिन्ह घेताना तीनपेक्षा जास्त रंग नकोत म्हणून आधीच सांगा, एका सुईच्या मशीनवर प्रत्येक रंगाला उठून धागा बदलावा लागतो आणि पन्नास बॅजना ते जिवावर येतं. एका हूपमध्ये बसतील तितके बॅज एकाच फाईलमध्ये मांडा आणि एक रंग सगळ्यांवर संपवून मग दुसऱ्यावर जा. कार्टूनची चित्रं विकायच्या वस्तूंवर घेऊ नका, ती कंपन्यांच्या मालकीची असतात. भाव टाक्यांवरून काढा, पण ट्रिमिंग आणि पेपर धुण्याचा वेळ त्यात धरा, मशीनपेक्षा हाताचं कामच जास्त असतं. आणि धाग्याच्या रिळावरचा शेड नंबर लिहून ठेवा, पथकात जूनमध्ये चार नवी मुलं येतात आणि त्यांना तोच भगवा हवा असतो.