मराठी मजकुरासाठी हायफनेशन पॅटर्न: फाइल जोडल्यानंतरचे काम

मराठीचे तयार हायफनेशन पॅटर्न, म्हणजे ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा ते सांगणारे नियम, जोडाक्षर सहसा फोडत नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे: ते गरजेपेक्षा फार जास्त जागी तोडायला परवानगी देतात. 'करणार' हा शब्द त्यांच्या लेखी क-र-णा-र. नियम मोडलेला नाही, पण ओळीच्या शेवटी एकटा 'क' राहिला की वाचताना ठेच लागते. त्यामुळे भाषा 'मराठी' निवडून पॅटर्न सुरू केले म्हणजे निम्मेच काम झाले.

आधी पॅटर्नमधले आकडे कसे चालतात ते पाहू. ही पद्धत फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात मांडली. अक्षरजुळणीचा प्रोग्राम टेक आणि लेखनासाठीचे लिब्रेऑफिस दोन्ही तीच वापरतात. पॅटर्नमध्ये अक्षरांच्या मधे आकडे असतात. विषम आकडा म्हणजे इथे तोडा, सम म्हणजे तोडू नका, आणि एकाच जागी अनेक आकडे आले तर सर्वांत मोठा जिंकतो. टिंब म्हणजे शब्दाची सुरुवात किंवा शेवट. मराठीच्या फाइलमध्ये व्यंजनाआधी १ असतो ('१क'), स्वरानंतर आणि काना-वेलांटीनंतर १, अनुस्वाराआधी २, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना २. 'अंगण' घ्या. 'अ'नंतर १ आहे, पण अनुस्वार आपला २ घेऊन येतो, म्हणून तिथे तोड नाही. पुढे 'ग'आधी १ आणि 'ण'आधी १. निकाल: अं-ग-ण.

आता किमान अक्षरांची मर्यादा ठरवा, म्हणजे तोडीच्या डावीकडे आणि उजवीकडे निदान किती अक्षरे राहिली पाहिजेत ते. इथेच सर्वाधिक घोळ होतो, कारण सॉफ्टवेअर आपण मोजतो ती अक्षरे मोजत नाही, युनिकोड चिन्हे मोजते. 'ती' म्हणजे दोन, 'र्थी' म्हणजे चार, 'ष्ट्र' म्हणजे पाच. अरुंद रकान्यासाठी डावीकडे २ आणि उजवीकडे ३ ठेवा: 'कर-णार' मिळते, 'संस्कृ-ती' बंद होते. पुस्तकाच्या रुंद ओळीला दोन्हीकडे ३ चांगले. त्यात 'कर-णार' हातचे जाते, पण 'वि-' आणि 'अं-' असे तुकडेही टळतात, आणि रुंद ओळीला तेवढी तोड लागतही नाही.

मर्यादा ३ ठेवली तरी 'विद्या-र्थी' आणि 'महारा-ष्ट्र' सुटून जातातच, कारण जोडाक्षरात चिन्हे पुष्कळ. लोक मग अपवादांच्या यादीत 'महा-राष्ट्र' घालतात. मराठीत हा उपाय तोकडा पडतो. अपवाद पूर्ण शब्दाशी जुळावा लागतो, आणि आपल्याकडे महाराष्ट्राचा, महाराष्ट्रातील, महाराष्ट्राबाहेर अशी रांग संपत नाही. त्याऐवजी पॅटर्नच लिहा:

.म२हा३रा२ष

'म'नंतरची आणि 'रा'नंतरची तोड बंद, 'हा'नंतरची पक्की. प्रत्यय कोणताही लागो. शब्दाच्या शेवटी एकटे येणारे 'र्थी' रोखायला '२र्थी.' पुरेसा आहे. 'वा-ङ्मय' टाळण्यासाठी फाइलमधला '१ङ' बदलून '२ङ' करा. 'ङ'ने ओळ सुरू व्हावी असे कुणालाच वाटणार नाही. इथे आकडे देवनागरीत छापले असले तरी फाइलमध्ये ते इंग्रजी कळांवरचेच टाका. देवनागरी आकड्याला प्रोग्राम अक्षर समजतो आणि पॅटर्न कशालाच जुळत नाही.

टेकमध्ये हे काम लुआलाटेकवर, म्हणजे लुआटेक या टेकच्या आवृत्तीवर चालणाऱ्या लाटेकवर करा. झीटेक या दुसऱ्या आवृत्तीत पॅटर्न फॉरमॅट (आधीच बनवून ठेवलेली पायाची फाइल) तयार होतानाच आत जातात, नंतर घालता येत नाहीत; लुआटेकमध्ये दस्तऐवजातूनच भर घालता येते. 'हायफन-इंडिक' पॅकेज बसवा, भाषा सांभाळणाऱ्या बॅबेल पॅकेजला मराठी ही मुख्य भाषा सांगा, फॉन्टसाठी रेंडरर (जोडाक्षरे जुळवणारा भाग) हार्फबझ ठेवा आणि आपले पॅटर्न प्रीअँबलमध्ये (मजकूर सुरू होण्याआधीच्या भागात) 'बॅबेलपॅटर्न्स' या आज्ञेत, चौकटी कंसात भाषेचे नाव देऊन लिहा. डाव्या-उजव्या मर्यादांच्या 'लेफ्टहायफनमिन' आणि 'राइटहायफनमिन' या आज्ञा मात्र प्रीअँबलमध्ये देऊ नका: भाषा निवडताना बॅबेल स्वतःचे आकडे पुन्हा बसवते. त्या दस्तऐवज सुरू झाल्यावर द्या.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये पहिली तपासणी भाषेची. देवनागरी मजकूर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात मोडतो आणि त्याची भाषा वेगळी नेमावी लागते. पाश्चात्त्य मजकुराच्या खान्यात मराठी निवडली आणि या खान्यात हिंदी राहिली, तर तुमच्या मराठी फाइलकडे प्रोग्राम पाहतच नाही. मग परिच्छेदाच्या 'टेक्स्ट फ्लो' भागात स्वयंचलित हायफनेशन सुरू करा, वरच्या मर्यादा भरा आणि सलग हायफनच्या जागी २ लिहा. तिथला ० म्हणजे मर्यादाच नाही.

रायटरची पॅटर्न फाइल साधी मजकूर फाइल असते, पहिल्या ओळीत 'यूटीएफ-८'. तिच्यात हाताने पॅटर्न वाढवले की, रायटर तोडीसाठी वापरतो त्या हायफन लायब्ररीबरोबर येणारी 'सबस्ट्रिंग्ज' ही पर्ल स्क्रिप्ट चालवायलाच हवी. ती न चालवता '२र्थी.' घातला तर लांब पॅटर्नखाली पाय मोडण्याचा आखूड पॅटर्न झाकला जातो आणि 'पर्-वत'सारखी तोड दिसू शकते. ज्या शब्दाला हातही लावला नव्हता तो बिघडतो. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा, नंतर रायटर पूर्ण बंद करून उघडा. एक-दोनच शब्द अडत असतील तर फाइलच्या वाटेला न जाता वापरकर्त्याच्या शब्दकोशात 'महा=राष्ट्र' असे लिहिले तरी चालते.

पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (ओळी जुळवण्याची पद्धत) आणि भाषा मराठी, दोन्ही लागतात. यूजर डिक्शनरीत तोडीची जागा '~' ने दाखवतात; शब्दाच्या आधी '~' लावला तर तो कधीच तुटत नाही.

काहीच तुटत नसेल तर टेकची लॉग फाइल उघडा. मराठीचे पॅटर्न लोड झाले नाहीत असा बॅबेलचा इशारा तिथे असतो. 'मिसिंग कॅरेक्टर' दिसले तर फॉन्टमध्ये हायफनच नाही: शब्द तुटतो, पण रेघ उमटत नाही. 'दुसऱ्या' कधी तुटतो आणि कधी नाही असे झाले, तर 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप झाला आहे का ते बघा. तो एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि 'र'ला नुक्ता जोडूनही. मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणला की दोन्ही एक होतात. पॅटर्न फाइलमध्ये 'ऱ'ची ओळ नसेल तर '१ऱ' स्वतः घाला. ती नसल्याने चुकीची तोड होत नाही, फक्त 'ऱ'आधीची जागा मिळत नाही.

प्रत्येक बदलानंतर हेच शब्द अगदी अरुंद रकान्यात लावून पाहा, किंवा टेकमध्ये 'शोहायफन्स' आज्ञेला द्या: अंगण, करणार, दुसऱ्या, पर्वत, वाङ्मय, विद्यार्थी, विद्यार्थ्यांना, महाराष्ट्राच्या. शेवटचा शब्द 'महा-राष्ट्रा-च्या' असा आला आणि 'पर्वत' पायमोडीवर फुटला नाही, तर फाइल कामाला लावायला हरकत नाही.