क्विझसाठी घरगुती बझर
चार संघांसाठी एकच प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा आर्डुइनो-छाप बोर्ड) पुरतो. चिप एटीमेगा ३२यू४ आणि बोर्ड ५ व्होल्टचाच घ्या. कॉम्प्युटर त्याला थेट कीबोर्ड समजतो. आर्डुइनो उनो या नेहमीच्या बोर्डावर हे सरळ जमत नाही.

बटणासाठी नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधे बेल-पुश आणा, जोरात थाप मारली तरी टिकतात. वायरिंगला जुनी लॅन केबल वापरा: आत ४ जोड्या, प्रत्येक संघाला एक. जोडीतली एक तार पिनला (२ ते ५), दुसरी ग्राउंडला. कोडमध्ये इनपुट पुलअप (बटण न दाबलेलं असताना पिन ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा चिपमधला रेझिस्टर) आणि ३० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (एकाच दाबात होणारी संपर्काची थरथर न मोजणं) ठेवा. बटण दाबताच कोडने अक्षर एकदाच पाठवून ती कळ लगेच सोडावी, नाहीतर स्क्रीनवर 'अअअअ' उमटत राहतं.

खरा त्रास कूलरचा. उन्हाळ्यात नागपुरात तो बंद ठेवणं शक्यच नाही, आणि मोटर चालू-बंद होताना लांब केबलमध्ये झटका शिरून न दाबलेला बझर वाजतो. चिपचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच कमजोर. म्हणून प्रत्येक पिन ते ५ व्होल्ट २.२ किलोओहम रेझिस्टर, आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर बोर्डाजवळच लावा. केबल कूलरच्या वायरपासून दूर न्या.