शेकरांच्या वस्तू, चित्रं आणि वह्या कुठे पाहाल?

शेकर हा अमेरिकेतला ब्रह्मचर्य पाळणारा, सामाईक मालमत्तेवर जगणारा ख्रिस्ती पंथ. त्याच्या नेत्या अ‍ॅन ली १७७४ साली मोजक्या अनुयायांसह इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या. आता मेन राज्यातल्या सॅबथडे लेक इथे अगदी थोडे शेकर उरलेत. त्यांनी घडवलेलं मात्र पुष्कळ टिकलंय. आधी ठरवा : वस्तू, चित्रं की लेखन? कारण तिन्हींच्या वाटा वेगळ्या.

वस्तूंसाठी सुरुवात घरबसल्या करा. न्यूयॉर्क राज्यातल्या शेकर म्युझियमचा संग्रह ऑनलाइन चाळता येतो. तिथे अंडाकृती लाकडी डबे शोधा आणि फोटो मोठा करून सांधा नीट बघा. मेपलची पातळ पट्टी वाकवून तिच्या टोकाला बोटांसारख्या जिभा कापलेल्या असतात आणि त्या तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं, तेव्हा या जिभांमुळे ते तडकत नाही. तांबं गंजतही नाही. शेकरांचं सौंदर्य असं उपयोगातून आलंय, म्हणून त्यांच्या खुर्च्यांआधी हे डबे बघा असं मी आग्रहाने सांगेन.

प्रत्यक्ष जाणं जमणार असेल, तर मॅसॅच्युसेट्समधलं हॅनकॉक शेकर व्हिलेज हे संग्रहालय सोडू नका. १८२६ चा गोल दगडी गोठा तिथेच आहे. हॅना कोहून यांचं १८५४ मधलं ‘ट्री ऑफ लाइफ’ हे चित्रही त्याच संग्रहातलं. अशी चित्रं म्हणजे दृष्टान्तात मिळालेली देणगी, अशी शेकरांची श्रद्धा होती. कागदाला उजेड सोसत नाही, त्यामुळे मूळ चित्र भिंतीवर असेलच असं नाही. आधी विचारून जा. हिवाळ्याच्या वेळाही तपासा. न्यूयॉर्क शहरात असाल, तर मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शेकरांची एक अख्खी खोली मांडलेली आहे.

लेखनाचं काम चिकाटीचं. हस्तलिखितांचा फार मोठा साठा क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीत आहे, दुसरा मोलाचा संग्रह डेलावेअरमधल्या विंटरथर ग्रंथालयात. भारतातून वाचायचं, तर हॅमिल्टन कॉलेजचा डिजिटल संग्रह उघडा. शेकरांचं १८७१ ते १८९९ या काळातलं मासिक तिथे वाचायला मिळतं. शोधताना नुसतं ‘शेकर’ टाकू नका. वस्तीचं नाव जोडा, माउंट लेबनन किंवा कँटरबरी. बियाण्यांचा व्यापार, शेती, मृत्युलेख, गाणी असा विषय धरलात, तर रोजचं जगणं हाती लागतं.