लाइफस्टाइल ब्लॉक घेतलात? मग पुढच्या हिवाळ्याचं जळण आत्ताच बघा

शहरातलं घर सोडून न्यूझीलंडमधल्या वायकाटोच्या बाजूला थोडी जमीन, म्हणजे ‘लाइफस्टाइल ब्लॉक’, घेतलेल्या आपल्या माणसांचे फोन येतात, तेव्हा टाकीचं पाणी, सेप्टिक टँक, कुंपण, मेंढ्या हे सगळं पहिल्या महिन्यातच विचारून होतं. जळणाचं मात्र मे उजाडल्यावर, इथला हिवाळा तोंडावर आल्यावर आठवतं. तोवर कोरड्या लाकडासाठी रांग लागलेली असते, आणि ‘कोरडं’ म्हणून जे दारात येऊन पडतं ते पुष्कळदा ओलंच निघतं. कोकणात आगोटीच्या आत सरपण रचून झालेलं असतं, तशीच बेगमी न्यूझीलंडमध्येही करावी लागते. फक्त इथे ती एक वर्ष आधी करायची. यंदा फोडलेलं लाकूड यंदाच्या थंडीसाठी नसतंच.

नुकत्याच पाडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. असं लाकूड बर्नरमध्ये, म्हणजे घर तापवायच्या लोखंडी शेगडीत, घातलं की सगळी आग ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. घर तापत नाही, काच काळी होते आणि धुराड्याच्या आतून चिकट काळा थर बसतो. पुढे एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. म्हणून ओलावा २५ टक्क्यांच्या खाली हवा, २० च्या खाली असेल तर फारच छान. ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पिना बाहेरून टोचल्या तर आकडा फसवा येतो. तुकडा मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटून ऐका. वाळलेले टणटणतात, ओले बद्द वाजतात.

विकत घेणार असाल तर ‘घनमीटर’ रचलेला की नुसता टाकलेला, हे आधी विचारा. ट्रेलरमध्ये कसेही टाकलेले तुकडे रचले की ढीग बराच खाली बसतो.

आता तुमच्या जमिनीवर काय उभं आहे ते ओळखा, आणि शक्य असेल तर एक वर्ष काहीही न तोडता नुसतं बघा. दक्षिणेकडचा बोचरा वारा कुठली रांग अडवते, गाई-मेंढ्या दुपारी कुठे बसतात, उतारावरची माती कुणाच्या मुळांनी धरून ठेवली आहे, हे कळल्याशिवाय करवत बाहेर काढू नये असं माझं ठाम मत आहे. जुन्या शेतांवर वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या रांगा बहुतेक मॅक्रोकार्पाच्या किंवा रेडिएटा पाइनच्या असतात. दोन्ही झाडं मूळची कॅलिफोर्नियातल्या माँटरे किनाऱ्याची. पाइन सहज फुटतं, उन्हाळाभरात वाळतं, भराभर जळतं. आग पेटवायला आणि संध्याकाळच्या थोड्या उबेला ते पुरतं. मॅक्रोकार्पा जास्त ऊब देतं, पण ठिणग्या उडवतं, त्यामुळे बंद दाराच्या बर्नरमध्येच जाळा. त्याचा जाड, सरळ बुंधा मात्र जाळू नका. गाभ्याचं लाकूड औषध न मारताही बाहेर टिकतं. फिरती आरा मशीन घेऊन शेतावर येणारे लोक असतात, त्यांच्याकडून फळ्या काढून घेतल्यात तर भाजीच्या वाफ्यांच्या कडा, बाक, फाटक सगळं त्यातून निघतं.

मॅक्रोकार्पा पाडताना एक गोष्ट कधीच विसरायची नाही. त्याचा पाला गाभण गाईंनी खाल्ला तर त्या गाभडतात, शेवटच्या तीन महिन्यांत तर धोका फारच मोठा. पाइनच्या पाल्याचंही तेच. गुरं शेजाऱ्याची असली तरी आधी त्यांना दुसऱ्या पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) हलवा, फांद्या उचलून होईपर्यंत परत आणू नका.

निलगिरी इथली रात्रभर धगधगणारी लाकडं देते, पण ती ओली असतानाच फोडली पाहिजे. वाळली की कुऱ्हाड उसळून परत येते. ओंडक्याची कापलेली चकती उभी ठेवा आणि मधोमध घाव घालण्याचा हट्ट सोडा. कडेकडेने ढलप्या काढत, चकती फिरवत आत या. मधला गाठाळ गोळा उरेल, तो तसाच मोठा ठेवा, जुलैच्या रात्री कामाला येतो. निलगिरीला वाळायला दोन उन्हाळे द्या. ब्लॅक वॉटल, म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड, जळायला तसंच दमदार.

मानुका आणि कानुका यांचं जळण सगळ्यांत चांगलं, हे तुम्हाला प्रत्येक शेजारी सांगेल. पण ती इथली मूळची झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीवर असली तरी कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, नियमांत तोडायला परवानगी आहे का ते आधी विचारा. रिमू, टोटारा वगैरेंचंही तेच. संरक्षित सरकारी रानातून पडलेली फांदीसुद्धा परवान्याशिवाय आणायची नसते. नदीकाठचे विलो फुकट दिसतात, पण काठ धसू नये म्हणून ते मुद्दाम लावलेले असतात. समुद्रावर वाहून आलेल्या लाकडात मीठ असतं आणि ते बर्नरचं लोखंड खातं.

कुंपणाचे हिरवट छटेचे जुने खांब कधीही जाळू नका. त्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक भरलेलं असतं. धूर विषारी, राख त्याहून वाईट, आणि ती राख चाटून गुरं मरतात.

रचताना दिशा नीट लक्षात घ्या. इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे घराच्या दक्षिण भिंतीला टेकवलेलं जळण वर्षभर सावलीत कुजतं. उत्तरेला, वारा खेळेल अशा जागी, पॅलेटवर जमिनीपासून उचलून रचा. फक्त वरून पत्रा घाला, बाजू उघड्या ठेवा. सगळं ताडपत्रीत गुंडाळलं की आत बुरशी धरते. ऑक्टोबरपर्यंत फोडून रचलेलं पाइन मार्चमध्ये शेडमध्ये न्यायला तयार होतं.

बर्नरबद्दल थोडं. बसवायला बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे बांधकामाची परवानगी, लागतो. २ हेक्टरपेक्षा लहान जागेवर १ सप्टेंबर २००५ नंतर बसवलेल्या बर्नरने एक किलो लाकडामागे १.५ ग्रॅमपेक्षा जास्त धुराचे कण सोडता कामा नयेत, म्हणून स्वस्तात मिळणारा जुना बर्नर घेऊन ठेवू नका. मागे पाण्याची टाकी जोडलेला ‘वेटबॅक’ मिळाला तर जरूर घ्या. तो म्हणजे आपला आंघोळीचा बंबच, घर तापता तापता पाणीही तापतं. धुराडं दरवर्षी साफ करून घ्या. राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा, निखारे आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

चेनसॉ नवीन असेल तर पडलेल्या आणि पातळ लाकडावरच हात बसवा. पायाला चॅप्स (करवतीपासून वाचवणारं जाड आवरण), डोक्याला हेल्मेट, कानाला मफ, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस हवंच. मोठं उभं झाड, कललेलं झाड किंवा विजेच्या तारांपासून ४ मीटरच्या आतलं झाड, हे आपलं काम नाही. पैसे द्या, आर्बोरिस्ट, म्हणजे झाडं तोडणारा जाणकार, बोलवा. उरलेला पालापाचोळा जाळण्याआधी त्या दिवशी तुमच्या भागात आगीचा कोणता हंगाम चालू आहे ते बघा: खुला, मर्यादित की बंदी. मर्यादित असेल तर परवाना काढावा लागतो, आणि तो फुकट मिळतो.

आणि तोडाल त्याच्या आधी लावा. ट्री ल्युसर्न नावाचं छोटं झाड झपाट्याने वाढतं, त्याच्या फुलांवर मधमाश्या आणि पाल्यावर केरेरू (इथली रानकबुतरं) येतात, मेंढ्याही पाला आवडीने खातात, आणि काही वर्षांतच त्याचं उत्तम जळण होतं. घसरत्या उतारावर पॉप्लरचे खांब, म्हणजे मुळं धरणाऱ्या जाड ओल्या फांद्या, रोवा, दुष्काळात त्यांचा पाला गुरांना चालतो. हे खांब हिवाळ्यात लावायचे असतात आणि रीजनल कौन्सिलकडे त्यांची मागणी बऱ्याच आधी नोंदवावी लागते, तेव्हा उन्हाळ्यातच फोन करून ठेवा.