सर्ट या प्रथिनाची युनिप्रॉटवरील नोंद कशी वाचावी

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात किंवा फोंडा-म्हापशाच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना सेमिनारसाठी एखादे मानवी प्रथिन निवडायचे असेल, त्यांनी सर्टचा अवश्य विचार करावा. आंतर्द्रव्यजालिकेत तयार होणारे सिरॅमाइड हे लिपिड पाण्यात विरघळत नसल्यामुळे पेशीद्रवातून एकटे जाऊ शकत नाही. सर्ट ते उचलून गॉल्गी संकुलापर्यंत नेते आणि तेथे त्याचे स्फिंगोमायलिन होते.

युनिप्रॉट या प्रथिनांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर क्यू९वाय५पी४ हा क्रमांक टाकून नोंद उघडावी. जनुकाचे आजचे नाव सर्ट१ असले तरी पूर्वीचे नाव सीओएल४ए३बीपी होते, त्यामुळे शोधनिबंध धुंडाळताना दोन्ही नावे वापरावीत. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून अमिनो आम्लांच्या क्रमाची फास्टा फाईल (प्रत्येक आम्लासाठी एक अक्षर असलेली साधी मजकूर-फाईल) आधीच उतरवून घेतलेली बरी.

क्रम अथपासून इतिपर्यंत वाचण्यात अर्थ नाही; आधी तीन भाग शोधावेत. सुरुवातीचे पीएच डोमेन (डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतःचे वेगळे काम असलेला भाग) गॉल्गीच्या पटलावरील पीआय४पी या लिपिडला चिकटते, तर शेवटच्या स्टार्ट डोमेनच्या लांबट पोकळीत सिरॅमाइडचा एकच रेणू मावतो. मधला एफएफएटी हा छोटा तुकडा जालिकेवरील व्हॅप प्रथिनांना धरतो. फाईलमध्ये ई, एफ, एफ, डी, ए, व्ही, ई ही अक्षरे ओळीने शोधली की तो सापडतो: लागोपाठ दोन फेनिलअॅलानिन आणि त्यांच्या आसपास आम्लधर्मी अमिनो आम्ले.

क्रमांकांकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण या प्रथिनाची ६२४ आणि ५९८ अमिनो आम्लांची अशी दोन प्रमुख रूपे आढळतात. लहान रूपात गळलेली २६ आम्ले एफएफएटीच्या नंतरची आहेत. त्यामुळे सेरिन १३२ चा (१३२व्या जागेवरील सेरिन या अमिनो आम्लाचा) क्रमांक दोन्ही रूपांत तोच राहतो, पण स्टार्ट डोमेनमधले क्रमांक २६ ने सरकतात. सेरिन १३२ पासून सुरू होणाऱ्या सेरिनच्या रांगेवर फॉस्फेट बसले की सर्टचे काम मंदावते, हेही टिपून ठेवावे.

प्रयोगाचा पुरावा म्हणून केंतारो हानादा आणि सहकाऱ्यांचे २००३ सालचे संशोधन घ्यावे. त्यांनी वापरलेल्या हॅम्स्टरच्या एलवाय-ए पेशींत ६७व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलेले असते, त्यामुळे सर्ट गॉल्गीला चिकटू शकत नाही. स्लाइडवर हे उदाहरण पीएच डोमेनच्या आकृतीलगतच द्यावे आणि ६७व्या जागेवर ठळक खूण करावी.