पंप उतरवायच्या आधी: जुन्या डिझेल पिकअपचा दम कुठं गेला ते कसं शोधायचं

भाजीचा हंगाम तोंडावर आला की पिरनवाडीला माझ्या गॅरेजात एकच वाक्य कानावर येतं : "मेस्त्री, गाडी ओढंना झालीय, पंप उतरवून टाका." बेळगावची भाजी रात्री चोर्ल्यानं गोव्याला उतरते आणि सकाळी रिकामी गाडी तोच घाट चढून येते. भरलेली उताराला, रिकामी चढाला. त्यामुळं इंजिन हळूहळू मेलं तरी ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. निपाणीहून माल भरून तवंदीचा घाट चढायची वेळ आली आणि गाडी दुसऱ्या गिअरवर बसली, की मग एकदम पंपावर बोट. पंप म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांना दाबानं डिझेल पुरवणारा पंप. ते महागाचं काम, आणि एकदा उतरवला की टायमिंगसकट (डिझेल नेमकं कधी सोडायचं ती वेळ) सगळं परत जुळवत बसावं लागतं. म्हणून तो शेवटी. त्याच्या आधी जे बघायचं त्यातलं बरंचसं फुकटात होतं आणि ते मालकाला स्वतःला करता येतं.

मी सांगतोय ते जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असो वा नसो. कॉमन रेलच्या गाडीला (नवी पद्धत, सगळ्या नोझलांना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल) हवा, ब्रेक, टाकी एवढं बघायला हरकत नाही, पण नोझलचा पाइप सैल करायचा भाग तिथं अजिबात करायचा नाही. त्याचं कारण पुढं येईल.

आधी हे पक्कं करा की दोष इंजिनाचाच आहे. चार-पाच किलोमीटर ब्रेक कमीत कमी लावत गाडी चालवा, उभी करा आणि चारही चाकांच्या ड्रम-डिस्कजवळ हाताची मागची बाजू न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय. इंजिन बिचारं ब्रेकशी झुंजतंय. हँडब्रेकची केबल गंजून अर्धी ओढलेली राहते, तेही बघा. मग क्लच. चढावर चौथ्या गिअरला पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तेवढीच राहते, वर जळका वास येतो, म्हणजे क्लच घसरतोय. तिसरी गोष्ट पोरांना खरी वाटत नाही, पण बघाच : एकानं इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्यानं बॉनेटमध्ये पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघायचं. केबल ताणून सैल पडलेली असते, नाहीतर पॅडलखाली जाड मॅट दुमडलेलं असतं. लिव्हर टेकत नसेल तर केबल आवळा. ज्या स्क्रूला तो टेकतो त्याला मात्र हात लावू नका. त्यानं इंजिनाचा जास्तीत जास्त वेग ठरतो, सील तोडून तो फिरवला की इंजिन हद्दीबाहेर फिरतं.

एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के विरळ. बिनटर्बोची गाडी पणजीत जेवढी खेचते तेवढी इथं खेचणारच नाही, थोडा काळा धूरही जास्त देईल. तेवढा फरक दोषात धरू नका.

आता धूर. चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दाबा आणि मागं दुसऱ्या गाडीत कुणाला तरी बसवून बघायला सांगा. काळा धूर आणि दम नाही : हवा कमी पडतेय, किंवा नोझल खराब. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर : डिझेल पुरतं जळत नाही, टायमिंग मागं गेलंय किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) कमी. निळा धूर : ऑइल जळतंय. आणि धूरच नाही, दमही नाही : डिझेलच पोचत नाही. या चौथ्या प्रकारालाच लोक पंप खराब म्हणतात, आणि तिथंच सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात.

तर डिझेलपासून. मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडची एक गाडी आली. तक्रार अशी, की सुरुवातीला मस्त पळते, कुसमळी ओलांडली की हळूहळू मरते, बाजूला घेऊन विडी ओढेपर्यंत थांबलं की परत मस्त. पोरगा पंपाचे पैसे खिशात घेऊनच आला होता. मी आधी टाकीचं झाकण सोडलं, तर आतून "सुऽऽ" करून हवा ओढली गेली. मूळ झाकण हरवलं म्हणून बाजारातलं चावीचं बसवलेलं, त्याला हवेचं भोकच नव्हतं. वरून पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवीही बांधलेली. डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येईना होतं. थांबलं की हवा कुठूनतरी झिरपते, गाडी परत चालू. तुमची गाडीही थांबल्यावर सुधारत असेल तर झाकण सैल करून एक फेरी मारा. फरक पडला तर निदान झालं. नाही पडला तर टाकीतली जाळी बघा : तिथं चिंधीचा तुकडा किंवा गाळ येऊन चिकटतो आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतो. लक्षण अगदी तेच.

त्याच्या पुढं डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळं करणारी वाटी. वाटीखालचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या, पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. कणकुंबीच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे दर आठवड्याला करावं. कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवणारे अजून आहेत. वरचा काळेपणा जातो, आत अडकलेलं तसंच राहतं. नवा घाला.

मग एअर. टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाकडं ढकलतो तो छोटा फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतचा पाइप ओढणीच्या बाजूचा, म्हणजे डिझेल ओढून घेणारा असतो. तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा, म्हणून सगळे त्याला चांगला म्हणतात. यावर उपाय स्वस्त आहे : डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप हातभर घ्या, फीड पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडा, गाडी चालू करून रेस द्या. बुडबुड्यांची माळ दिसली तर मागं कुठंतरी हवा घेतेय : क्लिप, रबरी पाइप किंवा बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. एकदा वापरलेला वॉशर परत घालू नका. त्याच बँजो बोल्टात बऱ्याच गाड्यांना बारीक जाळी असते, तीही काढून बघा.

एवढ्यानं उलगडलं नाही तर माझी आवडती चाचणी करा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्या, सायलेन्सर आणि फॅनपासून लांब पक्कं बांधा, फीड पंपाचा ओढणीचा पाइप त्यात सोडा, रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत आणणारा) पाइपही त्यातच, आणि नेहमीच्या चढावर जाऊन या. ज्या गाडीला वेगळा फीड पंप नाही तिला फिल्टरच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडा. दम परत आला तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे. नाही आला तर पुढं. अर्ध्या तासाच्या या कामानं किती पंप उतरण्यापासून वाचले ते मोजलेलं नाही.

काळा धूर असणाऱ्यांनी एअर फिल्टर उघडा. खानापूर भागातली तांबडी माती पिठासारखी बारीक, ती कागदात घट्ट बसते. बाहेरून कंप्रेसर मारला की आणखी आत जाते. हवा मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबानं. मग आत बॅटरी लावून बघा : कुठं थेट उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे, फेकून द्या. डब्यात उंदराचं घरटंही निघतं. भाजीच्या गाडीत तर हमखास. एकानं रेस देताना दुसऱ्यानं फिल्टरकडून येणाऱ्या रबरी होजवर नजर ठेवा. जुना होज आत दबतो आणि इंजिन बंद असताना अगदी ठीक दिसतो.

टर्बो असेल तर टर्बो ते इंजिन या पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, ऑइलचे काळे ओघळ शोधा. आणि इनटेक मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) पंपाच्या वरच्या टोपीकडं जाणारा एक बारीक पाइप काही गाड्यांना असतो, तो बघायला विसरू नका. टर्बोचा दाब वाढला की तो पंपाला जास्त डिझेल सोडायला सांगतो. तो तडकला, की टर्बो चांगला, पंप चांगला, धूर नाही आणि गाडी मेलेली. टर्बोची शाफ्ट बाजूला किंचित हलते ते चालतं. आत-बाहेर हलत असेल किंवा पंखा भिंतीला घासत असेल तर काम निघालं.

सायलेन्सर आतून तुटून अडला असेल तर पुढचा फ्लँज (बोल्टांनी आवळलेला जोड) सैल करून छोटी फेरी मारा. आवाज कानठळ्या बसवेल, पण गाडी पळाली तर कळलंच. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असलेल्या गाडीत तो उघडा अडकला की जळलेली हवा परत आत येते, काळा धूर येतो.

कुठला सिलिंडर दोषी ते ओळखायला इंजिन आयडलवर (पाय न दाबता) चालू ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट कापड धरून पाऊण फेरा सैल करा. इंजिन लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. डोळ्यांना चष्मा हवाच, बोट तोंडाजवळ न्यायचं नाही. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जायची वेळ येते. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका, सरळ दवाखाना. कॉमन रेलमध्ये हा दाब हजार बारच्याही वर जातो, म्हणून तिथं हे बंद.

शेवटी ऑइलचं झाकण उघडा. इंजिन चालू असताना तिथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून मग कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडा, आणि त्याहून जास्त लक्ष सगळे सिलिंडर सारखे आहेत का इकडं द्या.

हे सगळं नीट निघालं तरच पंप. उतरवण्याआधी पंप आणि इंजिनावर मिळून एक खूण कोरून घ्या, तोंडांना टोप्या लावा, नोझल पंपासोबतच द्या. पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला "दम नाही" एवढंच सांगू नका. धूर कसला आणि कधी येतो, कॅनवर चालवून काय झालं, टर्बोचा बारीक पाइप बघितलाय का, सगळं कागदावर लिहून द्या. नोझल तुमच्यासमोर टेस्टरवर मारायला लावा : फवारा धुक्यासारखा सुटला पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. बदललेले जुने भाग मागून घ्या, आणि परत आणलेल्या पंपाचं सील बघूनच पैसे द्या.